दुखणे ग्रंथीत, चुंबक डोक्यावर

मेंदूवर चुंबकीय स्पंदने सोडून थायरॉइड, पीसीओडी (पाळी अनियमित करणारा बीजकोशांचा विकार), लठ्ठपणा असे हार्मोनचे विकार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिराती सध्या मोबाइलवर फिरत आहेत आणि त्यांविषयी विचारणा करणारी पत्रे या सदराकडे सातत्याने येत आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांचा पाया त्यात आहे.

प्रश्न : माझे वय ३४ आहे. सहा वर्षांपूर्वी थायरॉइड कमी असल्याचे निदान झाले. अँटिबॉडीही वाढलेल्या होत्या. तेव्हापासून रोज सकाळी ७५ मायक्रोग्रॅमची गोळी घेते. एका केंद्राची जाहिरात अशी आहे की, थायरॉइडचे नियंत्रण मेंदूतून होते. त्यामुळे मेंदूला चुंबकीय उद्दीपन दिले की वीस बैठकांत गोळी बंद होते. आणि हे परदेशी संशोधनाने सिद्ध झाले आहे. यात तथ्य आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : जाहिरातीतील पहिले विधान खरे आहे, दुसरे खोटे आहे आणि तिसरे अर्धसत्य आहे. अर्धसत्याचाच त्रास अधिक होतो, म्हणून तिन्हींचा क्रमाने विचार करू.

थायरॉइडचे नियंत्रण मेंदूतून होते, हे खरे. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग टीआरएच नावाचे द्रव्य सोडतो. त्याच्या आज्ञेने खालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच रक्तात सोडते. आणि टीएसएच गळ्यातील थायरॉइडला काम करायला लावते. हायपोथॅलॅमसमधील ही आज्ञा देणारी द्रव्ये शोधून काढल्याबद्दल रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यात वादाचे काहीच नाही.

आता यंत्राकडे वळू. टीएमएस (ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे कवटीबाहेरून मेंदूला चुंबकीय उद्दीपन) या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम यशस्वीपणे वापरून दाखवली. डोक्याजवळ तारेचे वेटोळे धरून त्यातून अत्यंत थोड्या वेळासाठी, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी काळ, जबर विद्युतप्रवाह सोडतात. त्यातून सुमारे दीड ते दोन टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि ते झपाट्याने बदलत असल्यामुळे कवटीखालच्या चेतापेशींत सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो. कातडीला छेद नाही, भूल नाही, झटकाही नाही. पद्धत सुंदर आहे, परंतु तिची एक मर्यादा भौतिकशास्त्रानेच घालून दिली आहे. नेहमीच्या वेटोळ्याचा परिणाम मेंदूच्या पृष्ठभागापासून फार तर दोन-तीन सेंटिमीटर खोल पोहोचतो. विशेष रचनेची वेटोळी थोडी अधिक खोल जातात, पण त्या प्रमाणात त्यांचा नेम पसरट होतो. आणि बाहेरून दिलेले क्षेत्र वरच्या थरापेक्षा आतल्या भागात अधिक तीव्र करण्याची युक्ती कोणालाही करता येत नाही. हायपोथॅलॅमस आहे मेंदूच्या अगदी तळाशी, आणि पिट्युटरी त्याच्याही खाली, नाकाच्या मुळामागे असलेल्या हाडाच्या खोबणीत. तेथे हे यंत्र थेट पोहोचत नाही. पोहोचलाच तर वरच्या थरांकडून चेतातंतूंच्या जाळ्यातून गेलेला दुरान्वयाचा परिणाम.

असा दुरान्वयाचा परिणाम काही अभ्यासांत दिसलेला आहे आणि ‘परदेशी संशोधन’ ते हेच. १९९६ मध्ये अमेरिकेतील मार्क जॉर्ज आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या कपाळामागील मेंदूभागाला स्पंदने दिली, तेव्हा रक्तातील टीएसएच वाढलेले आढळले. २००१ मध्ये नैराश्याच्या रुग्णांवर झालेल्या एका लहान अभ्यासातही तसेच दिसले. त्याच वर्षीच्या एका जर्मन अभ्यासात मात्र सौम्य स्पंदनांनंतर टीएसएच आणि कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित हार्मोन किंचित घटलेले आढळले. म्हणजे दिशासुद्धा एक नाही. शिवाय हे सगळे मोजमाप एखाद्या बैठकीच्या आगेमागे घेतलेले होते. चढ चढून आल्यावर, भीती वाटल्यावर, रात्री जागरण झाल्यावरही हार्मोन काही काळ हलतात; त्याला उपचार म्हणत नाहीत.

आणि समजा, टीएसएच खरोखरच वाढले, तरी आपल्याला त्याचा उपयोग काय? आपल्या अँटिबॉडी वाढलेल्या आहेत, म्हणजे हा हाशिमोटोचा विकार असणार. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा थायरॉइड ग्रंथीवरच हल्ला करते आणि ग्रंथीची हार्मोन बनवण्याची ताकद घटत जाते. मेंदू आणि पिट्युटरी मात्र धडधाकट असतात. किंबहुना ग्रंथी ऐकत नाही म्हणून पिट्युटरी आधीच जास्त टीएसएच सोडत असते, आणि गोळी सुरू होण्यापूर्वी आपल्या अहवालात तेच वाढलेले दिसले असेल. ज्या आज्ञेचा आधीच भडिमार चालू आहे, ती आणखी वाढवून निकामी होत चाललेली ग्रंथी कामाला लागत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा हा प्रकार आहे.

एका फसगतीची आपल्याला आधीच कल्पना देतो. लेव्होथायरॉक्सिन या गोळीतील औषध रक्तात निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे गोळी बंद केल्यावर पहिले दहा-पंधरा दिवस विशेष काही जाणवत नाही आणि टीएसएच नव्या पातळीवर स्थिरावायला सहा आठवडे लागतात. वीस बैठका साधारण चार आठवड्यांत संपतात. रुग्णाला वाटते, ‘गोळी सोडली तरी मी ठीक आहे, यंत्राचा गुण आला’. आणि थकवा, बद्धकोष्ठता, पाळीचा त्रास, थंडी सहन न होणे परत सुरू होते तोवर पैसे भरून झालेले असतात. दिवस राहिले असतील तर हा खंड बाळाच्या मेंदूच्या वाढीलाही बाधक ठरू शकतो.

गोळी घेऊनही त्रास उरला असेल, तर आधी साध्या गोष्टी तपासाव्यात. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहासुद्धा घेऊ नये. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांत आणि हिच्यात चार तासांचे अंतर हवे. केसांसाठी बायोटिन घेत असाल, तर रक्ततपासणीपूर्वी दोन दिवस ते बंद ठेवावे, कारण त्यामुळे काही प्रयोगशाळांच्या पद्धतींत टीएसएचचा आकडा चुकीचा येतो. आणि जाहिरातीबद्दल एक जाता जाता: १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने ज्या रोगांवरील उपचारांच्या जाहिरातींना बंदी आहे, त्यांच्या यादीत गलगंड, मधुमेह आणि लठ्ठपणा ही नावे आहेत. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

प्रश्न : चुंबकीय गादी आणि मनगटातला चुंबकीय पट्टा वापरल्यानेही हार्मोनचे संतुलन साधते असे विक्रेता सांगतो. रुग्णालयातील यंत्राचे तत्त्वही तेच आहे का? (एक ज्येष्ठ वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळेच विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले. गादीतील चुंबक स्थिर असतात, त्यांचे क्षेत्र अतिशय क्षीण असते आणि ते चेतापेशींना उद्दीपित करू शकत नाही. एमआरआय यंत्रात दीड किंवा तीन टेस्लाचे प्रचंड क्षेत्र असते; त्यात अर्धा तास पडून राहिल्याने कोणाची साखर उतरल्याचे किंवा थायरॉइड सुधारल्याचे मला ठाऊक नाही. आपल्या हृदयात पेसमेकर असल्याचे आपण लिहिले आहे. अशा व्यक्तीने चुंबक असलेली कोणतीही वस्तू छातीजवळ ठेवू नये. गादी परत करावी.

प्रश्न : माझ्या मुलीचे वय २१ आहे. पाळी दोन-दोन महिने येत नाही, चेहऱ्यावर लव वाढली आहे, सोनोग्राफीत पीसीओडी सांगितले आहे. एका परिचितांनी सुचवले की पीसीओडीचे मूळ मेंदूत असते, म्हणून चुंबकीय उपचार घ्यावेत. गोळ्या न घेता हा मार्ग धरावा का? (एक आई, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आपल्या परिचितांनी ऐकलेली गोष्ट अगदीच निराधार नाही. पाळीचे चक्र चालवणारे जीएनआरएच हे द्रव्य हायपोथॅलॅमस सतत सोडत नाही. ते ठरावीक अंतराने, एकेका लहान उमाळ्याने सोडतो. हे अंतर किती महत्त्वाचे आहे हे अमेरिकेतील अर्न्स्ट क्नोबिल यांच्या प्रयोगांनी १९७८ च्या सुमारास स्पष्ट केले. ज्या माकडिणींचे स्वतःचे जीएनआरएच बंद पाडले होते, त्यांना ते ताशी एकदा दिले तेव्हा पिट्युटरी पूर्ववत काम करू लागली. तेच द्रव्य अखंड धारेने दिले तेव्हा पिट्युटरी थंडावली. या एका निरीक्षणातून दोन परस्परविरोधी उपचार निघाले. ज्या स्त्रियांमध्ये हे उमाळे बंद पडलेले असतात, त्यांना लहान पंपाने साधारण दर दीड तासाला जीएनआरएच देऊन बीजनिर्मिती सुरू करता येते. आणि अकाली वयात येणाऱ्या मुलांमध्ये त्याच जातीचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन देऊन वयात येण्याची प्रक्रिया थांबवता येते.

पीसीओडीमध्ये हे उमाळे बहुधा नेहमीपेक्षा जलद येतात, त्यामुळे एलएच हे हार्मोन वरचढ होते आणि बीजकोशांतून पुरुषी हार्मोन जास्त स्रवतात. म्हणून ‘मूळ मेंदूत’ हे म्हणणे काही अंशी ग्राह्य धरता येईल. परंतु इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद कमी असणे, अनुवंशिकता आणि खुद्द बीजकोशांची घडण यांचाही त्यात मोठा वाटा असतो. आणि कपाळावर दिलेल्या स्पंदनांनी हायपोथॅलॅमसमधील त्या उमाळ्यांचा वेग हवा तसा कमी करता येतो, असे दाखवणारा पुरावा नाही. दर सेकंदाला दहा स्पंदने देणाऱ्या यंत्राकडून तासाच्या हिशेबाने चालणारे खोलवरचे घड्याळ लावून घेण्याची अपेक्षा मला तरी भाबडी वाटते.

मुलीसाठी करण्याजोगे बरेच आहे. वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्के घटले तरी पाळी नियमित होण्याची शक्यता वाढते. साखर, इन्शुलिनचा प्रतिरोध, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन एकदा तपासून घ्यावे, कारण शेवटच्या दोन हार्मोनच्या बिघाडातही पाळी लांबते. गोळ्यांची भीती धरू नये. तीन-तीन महिने पाळी न येणे हे गर्भाशयाच्या अस्तरासाठी गोळ्यांपेक्षा अधिक अहितकारक आहे. आणखी एक गोष्ट पत्रात नाही, पण विचारायला हवी: ती उदास, चिडचिडी किंवा एकटी एकटी राहते का? पीसीओडी असलेल्या मुलींमध्ये नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण जास्त आढळते, आणि ‘लग्नात अडचण येईल’ या घरातल्या बोलण्याने त्यात भरच पडते.

प्रश्न : माझे वजन ११२ किलो आहे. चुंबकीय उपचाराने भूक कमी होऊन वजन उतरते, असे इटलीतील संशोधन असल्याचे वाचले. ते खरे असेल तर मी तयार आहे. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : संशोधन खरे आहे. मिलानजवळील एका संस्थेत लिव्हियो लुझी आणि अ‍ॅना फेरुली यांच्या गटाने लठ्ठ व्यक्तींना खोलवर जाणाऱ्या वेटोळ्याने पाच आठवड्यांत पंधरा बैठका दिल्या. काहींना खरी, काहींना लटकी. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात खऱ्या स्पंदनांच्या गटाचे वजन आणि खाण्याची अनावर ओढ अधिक घटली. या प्रकारच्या अभ्यासांपैकी मला हा विचारात घेण्याजोगा वाटतो, कारण त्याने अशक्य गोष्टीचा दावा केलेला नाही: खाण्याच्या ओढीवर लगाम ठेवणारे मेंदूचे वरचे भाग स्पंदनांच्या टप्प्यात येतात. पण सहभागी व्यक्ती मोजक्या होत्या, त्यांना आहाराचे मार्गदर्शनही चालू होते आणि घटलेले वजन काही किलोंच्या घरातले होते. २०२१ च्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड या इंजेक्शनाने ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे पंधरा टक्के वजन घटले. आपल्या बाबतीत ते सोळा-सतरा किलो होईल. या दोहोंत निवड करायची तर संकोचाला जागा नाही. त्याआधी कॉर्टिसॉल वाढल्याने येणारा कुशिंगचा विकार नाही ना, हे पाहावे. पोटावर रुंद जांभळट रेघा, चटकन काळेनिळे पडणारी कातडी, बसल्यावर उठताना मांड्यांत जोर नसणे, ही त्याची लक्षणे आहेत.

प्रश्न : मी ४७ वर्षांची शिक्षिका आहे. दोन वर्षांपासून नैराश्य आहे. दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही फारसा फरक नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी टीएमएस सुचवले आहे. मला थायरॉइड आणि मधुमेह आहे, पाळीही आता अनियमित झाली आहे. हार्मोनवर वाईट परिणाम होईल का, या भीतीने निर्णय होत नाही. (एक शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : वरची उत्तरे वाचून आपण हा उपचार नाकारू नये, म्हणून हे उत्तर मुद्दाम सविस्तर देत आहे. ज्या आजारासाठी या पद्धतीला भक्कम आधार आहे, तो आपलाच आजार आहे. औषधांनी गुण न आलेल्या नैराश्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये या यंत्राला परवानगी दिली. पुढे २०१८ मध्ये मंत्रचळासाठीही दिली. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्ससह अनेक ठिकाणी हा उपचार दिला जातो.

कपाळाच्या डाव्या बाजूमागील मेंदूभागाला आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे स्पंदने देतात. आधी अंगठा किंचित उडेल इतका जोर शोधून आपल्यापुरती मात्रा ठरवतात. पूर्वी एका बैठकीला सदतीस मिनिटे लागत. कॅनडातील ४१४ रुग्णांच्या चाचणीने २०१८ मध्ये दाखवले की सुमारे तीन मिनिटांची नवी पद्धतही तितकीच गुणकारी आहे. रत्नागिरीहून रोज ये-जा शक्य नसेल, तर या लहान पद्धतीची सोय जेथे आहे तेथे नातलगांकडे महिनाभर राहण्याचा विचार करावा. आवाज टकटक असा मोठा येतो, म्हणून कानांत बोळे घालतात. काहींना डोके दुखते किंवा वेटोळ्याखालची कातडी दुखते. ते बहुधा पहिल्या आठवड्यानंतर कमी होते.

हार्मोन बिघडण्याची भीती धरण्याचे कारण नाही. टीएसएचमध्ये दिसलेले बदल लहान आणि तात्पुरते होते. उलट बाजूने मात्र विचार करायला हवा, म्हणजे हार्मोनच्या बिघाडाचा या उपचारावर काय परिणाम होईल याचा. टीएसएच वाढलेले असेल तर नैराश्याची औषधे नीट लागू न पडण्याची शक्यता असते; तेव्हा ‘दोन औषधांनी गुण नाही’ असे म्हणण्यापूर्वी गेल्या दोन वर्षांतले अहवाल मानसोपचारतज्ज्ञांसमोर ठेवा. दुसरे, या उपचारात फिट येण्याचा धोका हजारात एकापेक्षाही कमी असतो, पण साखर किंवा सोडियम खूप उतरलेले असेल तर तो वाढतो. आपण मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी ग्लिमेपिराइड ही गोळी घेत असाल, तर बैठकीला उपाशीपोटी जाऊ नये आणि पहिले काही दिवस निघण्यापूर्वी साखर तपासावी. नैराश्याच्या काही गोळ्यांनी सोडियम घटते, म्हणून तेही एकदा पाहावे. थायरॉइडची शस्त्रक्रिया झालेली असल्यास कॅल्शियमही तपासावे. जागरण आणि मद्य टाळावे. डोक्यात धातूची क्लिप, कानात कॉक्लिअर इम्प्लांट किंवा शरीरात पेसमेकर असेल तर डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे. दातांत भरलेली चांदी चालते, कानातले मात्र काढून ठेवावे.

पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन खाली-वर होत असते आणि मेंदूच्या वरच्या थराची उत्तेजितता पाळीच्या चक्रानुसार बदलते, हे याच यंत्राने केलेल्या अभ्यासांतून दिसले आहे. त्यावरून आपला उपचार पुढे ढकलण्याची गरज नाही. मध्यंतरी जीव नकोसा वाटण्याचे विचार आले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतून बोलता येते.

प्रश्न : माझ्या बहिणीला बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला होता. दूध आले नाही, पाळी परत आली नाही. काही वर्षांनी शीहान सिंड्रोमचे निदान झाले. ती हायड्रोकॉर्टिसोन आणि थायरॉइडची गोळी घेते. सासरची मंडळी ‘स्टेरॉइड सोडून मेंदूचा चुंबकीय उपचार घे, पिट्युटरी जागी होईल’ म्हणून मागे लागली आहेत. (एक भाऊ, नांदेड)

उत्तर : त्यांना कृपया हे उत्तर दाखवा. या विकारात रक्तपुरवठा तुटल्याने पिट्युटरीतील पेशी मृत झालेल्या असतात; त्या झोपलेल्या नसतात, आणि कोणत्याही उद्दीपनाने परत येत नाहीत. बहिणीची हायड्रोकॉर्टिसोनची गोळी हे कमी पडलेल्या कॉर्टिसॉलची भरपाई करणारे रोजचे औषध आहे. ती अचानक बंद केल्यास रक्तदाब, साखर आणि सोडियम कोसळून दोन-तीन दिवसांतही जिवावर बेतू शकते. हायड्रोकॉर्टिसोन सोडून एकटी थायरॉइडची गोळी चालू ठेवणे तर अधिकच घातक आहे, कारण तिने उरलेसुरले कॉर्टिसॉलही लवकर खर्ची पडते.

थायरॉइडच्या गोळीची मात्रा ठरवताना टीएसएचकडे पाहू नये. पिट्युटरीच काम करत नसल्याने तो आकडा फसवा असतो. त्याऐवजी फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातले मुक्त थायरॉइड हार्मोन, तपासावे. ताप आल्यास हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा दुप्पट किंवा तिप्पट करावी लागते, याचे लेखी वेळापत्रक आपल्या डॉक्टरांकडून घ्यावे. उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन ताबडतोब द्यावे लागते. ते घरात ठेवावे, कोठे ठेवले आहे ते सासरच्या मंडळींनाही माहीत असावे, आणि दात काढण्यापासून मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत कशासाठीही जाताना आजाराचे नाव व औषधे लिहिलेले कार्ड तिच्या पर्समध्ये असावे.